काळा टोनर हवा बदलली की का बिघडतो? तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

मागच्या अंकात लेझर प्रिंटरच्या काळ्या पावडरीबद्दल, म्हणजे टोनरबद्दल, थोडंसं लिहिलं होतं, की ती शाई नसून प्लॅस्टिकची बारीक भुकटी असते आणि कागदावर ती आधी विजेच्या चार्जने बसते आणि मग उष्णतेने चिकटते. त्यावर जी पत्रं आली त्यात एकच तक्रार फिरून फिरून होती, हवा बदलली की प्रिंट बदलते. टोनर बनवण्याच्या कामात माझी बरीच वर्षं गेलीयेत आणि त्यातली निम्मी तरी याच एका तक्रारीच्या मागे गेलीयेत, म्हणून या वेळची सगळी जागा तिलाच दिली.

ताई, आमच्या ऑफिसात पावसाळी हवा असली की सकाळची पहिली पाच-सहा पानं कळकट येतात, म्हणजे अक्षरं काळी असतात पण पांढऱ्या जागेवर पण एक राखाडी झाक असते. दुपारपर्यंत आपोआप बरं होतं. कार्ट्रिज दोनदा बदललं तरी तेच. नेमकं काय बिघडलंय?

बहुतेक काहीच बिघडलेलं नाहीये, टोनरचा चार्ज रात्रीत उतरलाय एवढंच.

कार्ट्रिजमध्ये पावडर एका रोलरवर पातळ थराने पसरते, रबराची किंवा धातूची पट्टी त्या थरावर घासते आणि त्या घासण्यातून प्रत्येक कणाला चार्ज मिळतो, हल्लीच्या बहुतेक काळ्या टोनरमध्ये निगेटिव्ह. ड्रम म्हणजे उजेड पडला की चार्ज बदलणारा नळा, त्याच्यावर लेझरने जिथे अक्षर काढलंय तिथे हे कण जातात आणि बाकीच्या जागी जायचं नाही हेही त्या चार्जमुळेच ठरतं. आता ज्या कणांचा चार्ज कमी पडला किंवा उलटाच झाला त्यांना हे कळणार कसं, ते कुठेही जाऊन बसतात, आणि तीच तुमची राखाडी झाक. आमच्यात तिला फॉग म्हणतात.

रात्रभर मशीन बंद, हवा दमट, कणांच्या पृष्ठभागावर पाण्याचे रेणू बसतात, त्या अदृश्य थरातून चार्ज हळूहळू निसटतो. सकाळी पाच-सहा पानं निघेपर्यंत घासाघाशी झाली की चार्ज परत चढतो. म्हणून दुपारी बरं. नवीन कार्ट्रिजनेही तेच होणार कारण पावडर तीच आणि हवाही तीच!

हवेतला फरक केवढा असतो याचा अंदाज लोकांना नसतो, म्हणून आकडा सांगते. १० अंश तापमान आणि २० टक्के आर्द्रता असेल तर एक घनमीटर हवेत २ ग्रॅमपेक्षाही कमी पाणी असतं. ३० अंश आणि ८० टक्के असेल तर साधारण २४ ग्रॅम. म्हणजे बारा पटींहून जास्त, आणि दोन्हीकडे त्याच पावडरीने तसंच काळं अक्षर उमटवावं अशी आपली अपेक्षा. मला ती अपेक्षा रास्तच वाटते, पण ती पुरी करायला काय काय करावं लागतं ते पुढच्या उत्तरांमध्ये येईलच.

तुमच्यापुरतं सांगायचं तर आधी दोष टोनरचा की कागदाचा ते बघा. छापलेल्या पानाच्या पांढऱ्या भागावर त्याच गठ्ठ्यातला कोरा कागद अर्धवट ठेवा आणि उजेडात बघा, दोन्ही पांढऱ्यांमध्ये फरक दिसला तर तो फॉग. काळ्या भागातच ठिपक्याठिपक्यांनी फिकट डाग असतील तर मात्र कागद ओला झालाय असं समजा, कारण ओल्या कागदातून चार्ज पळतो आणि टोनर ड्रमवरून कागदावर नीट उतरतच नाही. ताजी रीम फोडून बघा, लगेच कळेल. आणि उघडी रीम ट्रेमध्ये आठवडाभर तशीच ठेवू नका, उरलेला गठ्ठा वेष्टनात गुंडाळून ठेवा. काही मोठ्या मशीनमध्ये कागदाच्या ट्रेखाली छोटा हीटर असतो तो याचसाठी. आणि सकाळी महत्त्वाचं काही छापायच्या आधी चार-पाच रद्दी पानं काढून टाका, सोपा उपाय आहे पण लागू पडतो.

मॅडम मी रसायनशास्त्र शिकतोय आणि प्रोजेक्टसाठी टोनर हा विषय घेतलाय. रंगीत टोनर अवघड आणि काळा सोपा असं मला वाटत होतं पण तुमच्या लेखात उलटं होतं. काळं करायला नुसता कार्बन जास्त टाकला की झालं ना?

झालं नाही ना, इथेच तर घोडं पेंड खातं.

टोनरचा बराचसा भाग म्हणजे रेझिन नावाचं प्लॅस्टिक, पॉलिएस्टर किंवा स्टायरिन-अ‍ॅक्रिलिक. त्यात थोडं मेण, चार्ज सांभाळणारं एखादं रसायन (चार्ज कंट्रोल एजंट), आणि रंग. कण साधारण ५ ते १० मायक्रॉनचा, मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. रेझिन वीज वाहू देत नाही म्हणूनच कणावर चार्ज टिकतो. निळ्या, लाल, पिवळ्या टोनरमधले रंग पण सेंद्रिय असतात, वीज न वाहणारे. आणि काळ्यात आपण काय टाकतो तर कार्बन ब्लॅक, जो वीज वाहून नेतो! जो पदार्थ काळेपणा देतो तोच चार्जला पळायला वाट करून देतो. काळ्या टोनरचं सगळं दुखणं या एका वाक्यात आहे, तुझ्या प्रोजेक्टच्या पहिल्या पानावर तू हेच लिही.

कार्बन ब्लॅकचे मूळ कण साधारण १० ते १०० नॅनोमीटरचे असतात पण ते सुटे नसतात, द्राक्षाच्या घडासारखे एकमेकांना चिकटलेले असतात. रेझिनमध्ये हे घड नीट पसरले, प्रत्येकाभोवती रेझिन राहिलं, तर ठीक. पण घड घडाला टेकला की आतल्या आत विजेची वाट तयार होते. सहसा ५ ते १० टक्क्यांच्या आसपास कार्बन असतो, नुसतं प्रमाण वाढवत गेलं तर एका टप्प्यानंतर काळेपणा फार वाढत नाही, गळती मात्र वाढते. आणि हवामानाचा संबंध असा की कार्बनच्या पृष्ठभागावर ऑक्सिजनचे गट असतात, ते पाण्याला धरतात, कणाच्या कडेला कार्बन उघडा पडला असेल तर दमट हवेत ती कडच चार्जचं भोक होते.

चांगला आणि वाईट पसरलेला कार्बन कसा दिसतो ते एकदा तरी डोळ्यांनी बघ, जमलं तर. टोनरचे कण एपॉक्सी या घट्ट होणाऱ्या गोंदात बसवतात, काचेच्या किंवा हिऱ्याच्या सुरीने त्याचा नॅनोमीटरमध्ये मोजावा इतका पातळ काप काढतात आणि इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली ठेवतात. चांगल्या टोनरमध्ये फिकट गोलात बारीक काळी मिरी सगळीकडे सारखी शिंपडल्यासारखी दिसते. वाईटात एका कणात काळ्या गुठळ्या आणि शेजारचा कण जवळजवळ रिकामा. ते चित्र बघितलं की फॉग का येतो हे मला वेगळं समजवावं लागणार नाही.

पसरण चांगली करायची म्हणजे आधी रेझिनमध्ये भरपूर कार्बन घालून एक दाट मिश्रण, म्हणजे मास्टरबॅच, दाबून मळायची आणि मग ती उरलेल्या रेझिनमध्ये ट्विन स्क्रू एक्स्ट्रूडरमधून (दोन स्क्रूंच्या मळणी यंत्रातून) काढायची. इथे एक गोष्ट उलटी वाटेल, तापमान थोडं कमी ठेवलं तर रेझिन घट्ट राहतं आणि गुठळ्या चांगल्या फुटतात, जास्त तापवलं तर रेझिन पातळ होऊन गुठळ्यांना नुसतंच ओलांडून जातं. शिवाय कार्बनचा काळा जरासा तपकिरीकडे झुकतो, तेव्हा थोडा फ्थॅलोसायनिन निळा मिसळला की डोळ्याला खरा काळा वाटतो आणि कार्बन थोडा कमी चालतो.

दुसरा रस्ता म्हणजे कार्बनऐवजी मॅग्नेटाइट, म्हणजे लोखंडाचा चुंबकीय ऑक्साइड, बरेचदा वजनाने ४० टक्क्यांच्या वर. तो रंगही देतो आणि कणाला चुंबकाने धरून ठेवता येतं त्यामुळे फॉग आवरतो. पण मशीन त्याच पद्धतीचं लागतं.

तू इतिहासाचं विचारलं नाहीस तरी सांगते, कारण मला तो प्रसंग फार आवडतो. चेस्टर कार्लसन आणि त्याचा मदतनीस ऑटो कोर्नाय यांनी २२ ऑक्टोबर १९३८ ला न्यूयॉर्कमधल्या अस्टोरियात अशी पहिली प्रत काढली, गंधकाचा थर दिलेली जस्ताची प्लेट कापडाने घासून चार्ज केली, आणि तिच्यावर जी पावडर टाकली ती काळी नव्हतीच, लायकोपोडियम नावाच्या वनस्पतीचे बीजाणू होते. कोरडी, हलकी, सुटसुटीत भुकटी. तारीख आणि गावाचं नाव एवढीच ती प्रत होती. काळा, चार्ज धरणारा आणि वितळून कागदाला चिकटणारा टोनर ही त्यानंतरची सगळी मेहनत.

नमस्कार. आम्ही छोट्या प्रमाणावर काळा टोनर बनवतो, पॉलिएस्टरवर, दळून. अडचण अशी की दमट खोलीत फॉग येतो म्हणून चार्ज कंट्रोल एजंट वाढवला, तर फॉग गेला पण थंड कोरड्या खोलीत प्रिंट फिकी पडली, डेन्सिटी (छपाईच्या काळेपणाचा आकडा) १.४ वरून १.१ वर आली. एजंट कमी केला की परत फॉग. धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं असं झालंय.

तुमचं पत्र वाचून मला माझीच जुनी वही उघडल्यासारखं झालं. या प्रश्नाला मी जास्त जागा देणार आहे.

कोरड्या हवेत फिकं का होतं ते आधी स्पष्ट असू दे. ड्रमवरच्या अक्षराला ठराविक एवढाच चार्ज भरून घ्यायचा असतो. प्रत्येक कणावर चार्ज जास्त असेल तर थोड्याच कणांत ते भागतं, पावडर कमी जाते, अक्षर फिकं. शिवाय जास्त चार्जचे कण रोलरला इतके घट्ट चिकटतात की सुटतच नाहीत. म्हणजे चार्ज 'जास्तीत जास्त' असणं हे चांगल्या टोनरचं लक्षणच नाही. दमट खोलीत समजा १८ मायक्रोकूलंब प्रति ग्रॅम (हे चार्जचं माप) आणि कोरड्या खोलीत ४५ आला तर तुम्ही मधे कुठेही सरकवा, एक टोक पडणारच. २२ आणि ३० आला तर मशीन दोन्हीकडे निभावून नेईल. तुम्ही आतापर्यंत दोन्ही आकडे एकत्र वर-खाली करताय, अंतर तेवढंच राहतंय. आकडे मी समजण्यापुरते घेतलेत, तुमच्या मशीनचे वेगळे असतील, पण अंतर कमी करायचं हे डोक्यात पक्कं ठेवा.

अंतर कमी करायची जागा म्हणजे पृष्ठभाग. माझ्या मते तिथलं पहिलं काम कणांवर बाहेरून लावलेल्या सिलिकाचं, म्हणजे वाळूच्याच जातीच्या अतिबारीक पांढऱ्या भुकटीचं. फ्यूम्ड सिलिका मुळात पाण्याला धरते, तिच्या अंगावर हायड्रॉक्सिल गट असतात म्हणून ती हेक्सामिथिलडायसिलाझेन किंवा सिलिकॉन तेलाने पाणी-विरोधी करून घेतात. हे काम अर्धवट झालेली सिलिका दिसायला अगदी तशीच दिसते. चिमूटभर पाण्यावर टाकून बघा, बुडायला लागली तर ती परत पाठवा. ही चाचणी ढोबळ आहे, तरंगली म्हणून उत्तम असं नाही, पण बुडणारी नक्की नको.

नुसती सिलिका वापरली तर कोरड्या हवेत चार्ज चढतच जातो, कारण तिला तो कुठे सोडताच येत नाही. म्हणून सोबत थोडा टायटॅनियम डायऑक्साइड, तोही पाणी-विरोधी केलेला. त्याचा विद्युतरोध सिलिकापेक्षा कमी असतो, जादा चार्ज तो थोडा वाहून जाऊ देतो, वरचं टोक खाली येतं. जास्त घातला तर दमट टोकही खाली येईल, म्हणून पाव-पाव टक्क्याने चढवा.

एजंटबद्दल. काळ्या टोनरला एक सोय आहे की एजंटचा रंग आड येत नाही, त्यामुळे गडद रंगाचे अ‍ॅझो-लोह कॉम्प्लेक्स वापरता येतात, रंगीत टोनरला ते चालत नाहीत, तिथे सॅलिसिलिक आम्लाच्या वर्गातले फिकट रंगाचे जस्त किंवा अ‍ॅल्युमिनियमचे लागतात. तुम्ही कुठला वापरताय ते लिहिलं नाहीये. पण तो कमी-जास्त करण्याआधी रेझिनचा आम्लांक, म्हणजे त्यात आम्लाचे गट किती आहेत तो आकडा, बघा. पॉलिएस्टरच्या साखळीच्या टोकाचे कार्बोक्सिल गट निगेटिव्ह चार्ज द्यायला मदत करतात आणि तेच पाणीही ओढतात. आम्लांक जास्त असलेल्या रेझिनवर एजंट कितीही टाका, दमट खोलीत ते पाणी तुम्हाला हरवणार. याच रेझिनची कमी आम्लांकाची जात मागवून एक बॅच काढा, माझी खात्री आहे की अंतरात फरक दिसेल.

आणि मिश्रणाचा वेळ! मिक्सर कमी फिरला तर सिलिका सुटी राहते, ड्रमवर पडते, रोलरवर थर धरते. फार फिरला तर ती कणात रुतते आणि मग असून नसल्यासारखी. ताजा टोनर उत्तम आणि हजार पानांनंतर दमट खोलीत फॉग, असं दिसलं तर रुतण्याचा संशय धरा. तेव्हा ७ ते १२ नॅनोमीटरच्या बारीक सिलिकेसोबत ४० ते १०० ची मोठी घ्या, मोठे कण धक्का झेलतात आणि बारीक जपले जातात.

एका वेळी एकच गोष्ट बदला. हे सांगायचा मला अधिकार आहे कारण मी एकदा तीन एकदम बदलल्या होत्या, टोनर सुधारला आणि कशामुळे ते शोधायला पुढचे चार महिने गेले.

अजून एक, तुमच्याकडे दळलेला टोनर आहे म्हणून तुम्हाला लागू नाही, पण बाकी वाचकांसाठी. पाण्यात कण वाढवून जो केमिकल टोनर बनवतात त्यात साबणासारखी द्रव्यं वापरावी लागतात आणि ती शेवटी धुऊन काढावी लागतात. मी जिथे काम करत होते तिथे एकदा एका लॉटच्या सगळ्या चाचण्या व्यवस्थित झाल्या, दमट खोलीतल्या पण, आणि शनिवारी मशीन तसंच त्या खोलीत राहिलं. सोमवारी सकाळी झाकण उघडलं तर रोलरच्या दोन्ही टोकांना, गिअरजवळ, पंख्यासारखी काळी धूळ पसरलेली, पहिल्या पानाची डावी कड जणू बोटाने काजळ पुसल्यासारखी. तीन आठवडे आम्ही कार्बन बघत होतो, सिलिका बघत होतो. शेवटी एका सहकाऱ्याने तोच कोरडा टोनर शुद्ध पाण्यात ढवळून गाळला आणि त्या पाण्याची विद्युतवाहकता मोजली. ती चांगल्या लॉटच्या कितीतरी पट होती. वेळ वाचवायला शेवटची एक धुलाई कमी केली होती. कणावर उरलेला तो क्षार पाणी ओढत होता. तेव्हापासून धुण्याच्या पाण्याची वाहकता बघितल्याशिवाय मी एकही लॉट पुढे जाऊ दिला नाही.

टोनर 'सगळ्या हवामानात चालतो' असं म्हणायला कोणत्या चाचण्या पुरेशा?

तीन खोल्या तर हव्यातच, थंड-कोरडी साधारण १० अंश आणि १५-२० टक्के, मधली २३ अंश आणि ५० टक्के, आणि गरम-दमट ३० ते ३२ अंश आणि ८० टक्के किंवा वर. पण खोल्या असून लोक चुकतात ते वेगळ्याच ठिकाणी. टोनर बंद बाटलीत ठेवून 'चोवीस तास ठेवला' म्हणतात, बाटलीच्या मधल्या पावडरीपर्यंत ती हवा पोचतच नाही, पसरट ताटात पातळ थर करून ठेवा. कागदही त्याच खोलीत, सुटा करून.

मग नुसतं सलग छापून थांबू नका. छापा, दोन-तीन दिवस हात लावू नका, आणि परत चालू केल्यावरचं पहिलं पान जपून ठेवा, माझा सगळ्यात जास्त विश्वास त्या पानावर आहे. नंतर हजारभर पानं अगदी कमी मजकुराची काढा, म्हणजे पावडर आत नुसती घासली जाते आणि नवी येत नाही, आणि लगेच भरगच्च काळी पानं. त्या क्षणी जुनी आणि नवी पावडर एकत्र येते आणि नवी जर पटकन चार्ज घेत नसेल तर फॉग भसकन येतो. फॉग मोजायला पान छापताना मधेच मशीन थांबवून ड्रमच्या पांढऱ्या भागावरची पावडर पारदर्शक चिकटपट्टीने उचलायची आणि पट्टी पांढऱ्या कागदावर लावायची, शेजारी कोरी पट्टी. डोळ्याला कागदावर न दिसणारा फॉग तिथे दिसतो. हे प्रयोगशाळेतच करा, घरच्या ड्रमवर चिकटपट्टी लावू नका.

गोदामाची चाचणी पण विसरू नका. टोनरचं रेझिन ५० ते ६५ अंशांच्या आसपास मऊ व्हायला लागतं, उन्हात उभ्या बंद गाडीत तेवढी उष्णता सहज होते, म्हणून ५० अंशांत एक दिवस ठेवून चाळून बघा किती गुठळ्या राहतात.

आणि खोक्यावर पानांचा जो आकडा असतो तो बहुधा आयएसओ/आयईसी १९७५२ या पद्धतीने काढलेला असतो, ती चाचणी २३ अंशांच्या आसपास, मध्यम आर्द्रतेत होते. त्यावरून दमट हवेतल्या वागण्याबद्दल काहीच समजत नाही.

जादा कार्ट्रिज फ्रिजमध्ये ठेवलं तर जास्त टिकेल का?

नको. बाहेर काढल्यावर त्याच्यावर आणि आत दव धरेल. कोरड्या, सावलीच्या जागी, मूळ पाकिटात सीलबंद ठेवा. आणि थंड जागेतून आणलेलं कार्ट्रिज किंवा प्रिंटर लगेच चालू करू नका, दोन-तीन तास तसाच असू दे.

एका कार्ट्रिजमध्ये उरलेल्या टोनरवरच दुसऱ्या बनावटीचा टोनर भरला, दोन्ही काळेच, तर आता सगळीकडे फॉग आहे आणि तो हवा कोरडी असतानाही जात नाही. असं का?

कारण दोन्ही काळे असले तरी त्यांचे पृष्ठभाग वेगळे आहेत. वेगवेगळ्या पृष्ठभागाचे कण एकमेकांवर घासले की ते एकमेकांनाच चार्ज देतात, एक जास्त निगेटिव्ह होतो आणि दुसरा पॉझिटिव्हकडे जातो, आणि तो पॉझिटिव्ह झालेला कण ड्रमच्या पांढऱ्या जागेवरच जाऊन बसणार. हवा कोरडी झाली तरी हे थांबत नाही, उलट वाढूही शकतं, म्हणून तुमचा फॉग दमटपणाचा नाही हे तुम्ही बरोबर ओळखलंत.

आता ते कार्ट्रिज पूर्ण रिकामं करून रोलर आणि पट्टी कोरड्या मऊ कापडाने साफ करूनच एकाच प्रकारची पावडर भरा, टाकाऊ पावडरीच्या कप्प्यातली परत वापरू नका, तीत कागदाचा भुसा असतो आणि चार्ज न घेणारे कणच जास्त असतात. ड्रम उजेडात ठेवू नका, काळ्या कापडाने झाका. हे करताना तोंडाला मास्क लावा, सांडलेली पावडर साध्या व्हॅक्यूम क्लीनरने ओढू नका कारण इतके बारीक कण त्याच्या फिल्टरमधून परत हवेत येतात, ओल्या फडक्याने टिपून घ्या. आणि हात गार पाण्याने धुवा, गरम पाण्याने पावडर मऊ होऊन कातडीच्या रेषांमध्ये बसते आणि मग दोन दिवस निघत नाही.